वारा, पतंग आणि परतीची वाट

अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत एक मुलगा, जवळजवळ मैलभर रुंदीच्या एका तळ्याच्या कांठीं पतंग उडवीत होता. दिवस उकाड्याचा होता. त्याला पोहावेंसें वाटलें. तेव्हां त्यानें दोरी एका खुंटाला बांधली, पतंग आकाशांत तसाच राहूं दिला, आणि तो पाण्यांत उतरला. कांहीं वेळानें त्याच्या मनांत आलें कीं, पोहण्याचें आणि पतंगाचें अशीं दोन्हीं सुखें एकाच वेळीं कां घेऊं नयेत? त्यानें दोरीच्या टोंकाची काठी सोडवून हातांत धरली व तो पाण्यावर उताणा पडला. पतंगानें त्याला, हातपाय हालविण्याचेही श्रम न देतां, ओढीत ओढीत पलीकडच्या तीरास नेऊन पोंचविलें. हा मुलगा म्हणजे पुढें विजेच्या प्रयोगांनीं आणि मुत्सद्देगिरीनें जगद्विख्यात झालेला बेंजामिन फ्रँकलिन होय. १७७३ च्या सुमारास, वयाची साठी उलटून गेल्यावर, एका फ्रेंच मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्यानें ही आठवण सांगितली आहे. आणि ह्या रीतीनें डोव्हरहून कॅलेस जाणेंही अशक्य नाहीं, मात्र टपालाची बोट अजून बरी, असा मिस्किल शेरा तिला जोडला आहे.

ह्या गोष्टींतील एक बारीकसा तपशील सहसा कोणाच्या ध्यानांत राहात नाहीं. पाण्यांत उतरण्यापूर्वीं फ्रँकलिननें आपले कपडे दुसऱ्या एका मुलाच्या हवालीं केले होते, आणि तळ्याला वळसा घालून ते पलीकडे घेऊन येण्यास त्याला सांगितलें होतें. कारण उघड आहे. वारा जिकडे वाहातो तिकडे पतंग नेतो. तो परत आणीत नाहीं. मैलभराच्या तळ्यांत ह्याचें कोणाला कांहीं वाटणार नाहीं. पण तळ्याच्या जागीं महासागर असला, आणि पलीकडचा तीर हजारों मैलांवर असला, म्हणजे हाच क्षुल्लक तपशील जिवावरचा होतो.

फ्रँकलिनच्या त्या खेळाचें आज एका जगभर पसरलेल्या क्रीडेंत रूपांतर झालें आहे. तिला काइटसर्फिंग असें नांव आहे. खेळाडू एका आंखूड फळीवर पाय अडकवून उभा राहतो, कमरेला रुंद पट्टा आवळतो, आणि त्या पट्ट्याच्या आंकड्यांत अडकविलेल्या दांड्यापासून निघालेल्या वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनीं आकाशांतला पतंग खेळवितो. संक्रांतीला गच्चीवरून उडतो तो पतंग दोन-तीन वितींचा. हा आठ-दहा चौरस मीटरांचा, म्हणजे एखाद्या लहानशा खोलीच्या जमिनीएवढा. येथें ढील देणें नाहीं, काटाकाटी नाहीं. दोरी हातांतून सुटण्याची भीति मात्र तीच, आणि शतपटीनें मोठी. हल्लीं आपल्याकडचेही कांहीं हौशी तरुण सुट्टी काढून उष्ण कटिबंधांतील एखाद्या वाऱ्याच्या बेटावर जाण्याचे बेत आंखतात, आणि अशा बेतांत हवाई द्वीपसमूहांतील माउई ह्या बेटाचें नांव बहुधा लवकरच निघतें. चर्चा होते ती विमानभाड्याची, उतरण्याच्या जागेची आणि सामानाच्या वजनाची. तें सर्व आवश्यक आहेच. परंतु त्या बेटाचा आणि त्या पतंगाचा इतिहास पाहिला तर असें दिसतें कीं, ह्या वाटेनें पूर्वीं गेलेल्यांना छळणारा प्रश्न निराळाच होता. जावें कसें, हें वारा शिकवितो. परत कसें यावें, हें माणसाला स्वतः शोधून काढावें लागलें, आणि तें शोधण्यांत शतकें गेलीं.

माउईवर वाहाणारा वारा हा ईशान्येकडील व्यापारी वारा होय. शाळेंतल्या भूगोलामुळें हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. पण त्यांतील 'व्यापारी' हें विशेषण थोडें फसवें आहे. ज्या इंग्रजी शब्दाचें हें भाषांतर, त्याचा जुना अर्थ 'मळलेली वाट' असा होता. जो वारा आपली वाट न सोडतां एकाच दिशेनें वाहातो तो हा वारा. व्यापाराचा अर्थ त्या शब्दाला मागाहून चिकटला, आणि भाषांतर करणारांनीं नेमका तोच उचलला. असो. विषुववृत्तापाशीं तापलेली हवा वर जाते, तिची जागा घेण्यास उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून हवा धांवते, आणि पृथ्वी स्वतःभोंवतीं फिरत असल्यामुळें उत्तर गोलार्धांत ती ईशान्येकडून तिरपी वाहूं लागते. एडमंड हॅली ह्या ज्योतिर्विदानें १६८६ सालीं ह्या वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला, आणि १७३५ सालीं जॉर्ज हॅडले ह्यानें पृथ्वीच्या भ्रमणाशीं त्यांचा संबंध जोडून दाखविला.

शास्त्रज्ञांच्या फार आधीं खलाशांना ह्या वाऱ्याची ओळख पटली होती, आणि ती कांहींशी धास्तीचीच होती. १४९२ सालीं कोलंबस ह्याच वाऱ्यावर अटलांटिक ओलांडून गेला. त्याच्या माणसांना वादळाची भीति वाटली नाहीं. वारा दिवसामागून दिवस पाठीमागूनच वाहात आहे, तेव्हां स्पेनला परत नेणारा वारा ह्या समुद्रांत मिळणारच नाहीं, ह्या विचारानें तीं माणसें हबकलीं. सप्टेंबरच्या अखेरीकडे एके दिवशीं उलटा वारा सुटला, तेव्हां प्रवास खोळंबला असतांही कोलंबसाला हायसें वाटल्याचें त्याच्या रोजनिशीवरून दिसतें. परततांना तो आलेल्या वाटेनें आला नाहीं. तो उत्तरेकडे चढला, आणि तेथील पश्चिमेच्या वाऱ्यांनीं त्याला घरीं आणलें.

प्रशांत महासागरांत हेंच कोडें सुटण्यास अधिक काळ लागला. मॅगेलनचीं जहाजें १५२१ सालीं व्यापारी वाऱ्यांच्या बळावर फिलिपाइन्सला पोंचलीं. पण त्यांतील 'त्रिनिदाद' ह्या जहाजानें पुढच्या वर्षीं पूर्वेकडे परतण्याचा प्रयत्न केला तो फसला, आणि त्यानंतरचेही कित्येक प्रयत्न व्यर्थ गेले. १५६५ सालीं आंद्रेस दे उर्दानेता ह्या खलाशी असलेल्या संन्याशानें उत्तरेकडे मोठा वळसा घालून मेक्सिको गांठलें, तेव्हां कोठें ती वाट पक्की झाली. पुढें अडीचशें वर्षें स्पॅनिश गलबतें जातांना हवाई बेटांच्या दक्षिणेकडून आणि येतांना उत्तरेकडून ये-जा करीत राहिलीं. ह्या दोन वाटांच्या मध्यें माउई होतें. कॅप्टन कुकचीं जहाजें नोव्हेंबर १७७८ मध्यें त्याच्या उत्तर किनाऱ्यासमोर आलीं, तेव्हां युरोपच्या कागदोपत्रीं त्याची नोंद झाली.

अर्थात् त्या बेटावर तोंवर माणसें कित्येक शतकें नांदत होतीं. कुकच्या आधींच्या सफरींत, १७६९ सालीं, ताहितीजवळच्या बेटांतला तुपाइया हा जाणता नावाडी त्याच्या जहाजावर चढला होता. वारा सदा पूर्वेकडून वाहातो, तर तुमचे लोक पूर्वेकडे जातात कसे, ह्या प्रश्नाला त्यानें दिलेलें उत्तर साधें होतें: वर्षांतील कांहीं महिने वारा उलटतो, त्याची वाट पाहावयाची. हें उत्तर युरोपीय पंडितांना दोनशें वर्षें पुरतें पटलें नाहीं. पॉलिनेशियन लोक वाऱ्यानें भरकटत जाऊन बेटांवर लागले असावेत, असें मानणारे पुष्कळ होते. १ मे १९७६ रोजीं 'होकुलेआ' ही जुन्या धर्तीवर बांधलेली जोडहोडी माउईच्याच होनोलुआ उपसागरांतून निघाली, आणि मायक्रोनेशियांतील मौ पियाइलुग ह्या नावाड्यानें होकायंत्रावांचून, तारे आणि लाटा पाहून, ती ताहितीला नेली. भरकटण्याच्या कल्पनेला त्या सफरीनें मोठा धक्का दिला.

आपल्या कोंकणच्या खलाशाला हा सारा खटाटोप कदाचित् नवलाचा वाटला असता. हिंदी महासागरांत मोसमी वारा वर्षांतून दोनदां दिशा बदलतो. हिवाळ्यांत ईशान्येच्या वाऱ्यावर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे, झांजीबारकडे जावें, आणि दक्षिण-पश्चिमेचा वारा सुटला म्हणजे परत यावें, हा क्रम अरबी आणि हिंदी गलबतांनीं शतकानुशतकें चालविला. येथें परतीची वाट पंचांगांतच लिहिलेली होती. व्यापारी वाऱ्यांच्या समुद्रांत तशी सोय नाहीं. तेथें मनुष्याला युक्तीच लढवावी लागते.

माउई हें बेट दोन ज्वालामुखींच्या जोडानें बनलेलें आहे. पूर्वेकडचा हालेआकाला ३,०५५ मीटर उंच. पश्चिमेकडचा डोंगर त्याहून ठेंगणा व अधिक झिजलेला. ह्या दोहोंच्यामध्यें सपाट जमिनीचा एक पट्टा आहे. त्या पट्ट्यावर शतकाहून अधिक काळ उंसाची लागवड होती. शेवटचा साखर कारखाना २०१६ सालीं बंद पडला. समुद्रावरून येणाऱ्या ईशान्येच्या वाऱ्याला दोन्हीं बाजूंचे डोंगर आडवे येतात, आणि तो ह्या मधल्या खिंडारांतून दाटीवाटीनें घुसतो. नदीचें पात्र अरुंद झालें म्हणजे तिचा ओघ जसा वाढतो, तसा येथें वाऱ्याचा वेग वाढतो. त्यांत सकाळचीं उन्हें चढून मधली जमीन तापली म्हणजे वाऱ्याला आणखी एक ओढ मिळते. ह्या खिंडाराच्या उत्तर तोंडाशीं काहुलुई हें बंदर व गांव, त्याला लागून विमानतळ, आणि विमानतळाच्या पुढ्यांत कानाहाचा वाळूचा किनारा आहे.

तेथील लोकांच्या पुराणांत माउई ह्या नांवाचा एक देवपुरुष आहे, आणि त्याची एक कथा पतंगाचीच आहे. झाडाच्या सालीचें जें कापड त्याची आई हिना कुटून तयार करी, त्याचा त्यानें भलामोठा पतंग केला, आणि वाऱ्यांचा भोपळा सांभाळणाऱ्या पुजाऱ्याला त्यांतले वारे सोडण्याची विनंति केली. मंद वारे झाले, जोराचे झाले; तरी त्याचें समाधान होईना. शेवटीं प्रचंड वारे सुटले, आणि दोरी तुटून पतंग दूर कोठें तरी डोंगरापलीकडे जाऊन पडला. पुढें तो शहाणपणानें पतंग उडवूं लागला, आणि पतंगाकडे पाहून लोक हवेचा अंदाज बांधूं लागले, असें ती कथा सांगते. काइटसर्फिंग शिकणाऱ्या नवख्याच्या हातून आजही ह्याच चुका ह्याच क्रमानें होतात.

पतंगाकडून काम करून घेण्याची कल्पना प्रशांत महासागरांत तर फार जुनी. सालोमन बेटांतले कोळी पानांचा पतंग होडीमागें उडवीत, आणि त्याच्या शेपटीला कोळिष्टकाचा गुंतवळ बांधून तो पाण्यावर नाचवीत; चोंचीसारख्या लांब जबड्याच्या माशांचे दांत त्यांत अडकत. युरोपांत ह्या कल्पनेला यंत्राचें रूप दिलें तें इंग्लंडांतील ब्रिस्टल शहराच्या जॉर्ज पोकॉक ह्या शाळामास्तरानें. १८२६ सालीं त्यानें पतंगानें ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें. एकामागें एक असे दोन पतंग आणि ते वळविण्यास चार दोऱ्या, अशी तिची रचना होती. त्या काळीं रस्त्यावरचा जकातीचा दर घोड्यांच्या संख्येवर ठरे. पोकॉकच्या गाडीला घोडाच नसल्यामुळें नाकेदार निरुत्तर होत. ह्या गृहस्थानें आपली मुलगी मार्था हिलाही खुर्चींत बसवून पतंगानें आकाशांत चढविलें होतें. ती सुखरूप उतरली हें क्रिकेटचें भाग्य, कारण विख्यात क्रिकेटपटु डब्ल्यू. जी. ग्रेस हा पुढें तिचाच मुलगा.

पोकॉकच्या चार दोऱ्यांना ह्या इतिहासांत मोठें महत्त्व आहे. एका दोरीचा पतंग वाऱ्याच्या दिशेला टांगलेला असतो. अनेक दोऱ्यांचा पतंग वाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला नेतां येतो. गाडीचीं चाकें बाजूला घसरत नाहींत, त्यामुळें वारा आडवा असला तरी ती पुढें जाऊं शकते. पाण्यावर मात्र चाकांचें काम कोण करणार? १९०३ च्या नोव्हेंबरांत सॅम्युएल कोडी ह्या अमेरिकेंत जन्मलेल्या आणि नाटकी खेळांवर पोट भरणाऱ्या अवलियानें, घडी होणाऱ्या एका कापडी होडीला पतंग जोडून रात्रभरांत इंग्लिश खाडी ओलांडली. फ्रँकलिनचें भाकित सुमारें १३० वर्षांनीं असें खरें ठरलें, फक्त दिशा उलटी: कोडी कॅलेहून निघून डोव्हरला लागला. त्याची ही सफरही एकेरीच होती. वारा अनुकूल होईपर्यंत थांबणें, हाच त्याचा उपाय, तुपाइयानें सांगितलेला.

दोन अडचणी शिल्लक होत्या. एक, पाण्यावर आडव्या वाऱ्यानें व वाऱ्याविरुद्ध तिरपें जातां यावें. दुसरी अधिक बिकट: पतंग पाण्यांत पडला तर तो पुन्हां उठावा कसा? कागदाचा किंवा कापडाचा पतंग भिजला म्हणजे संपला, आणि त्याच्याबरोबर किनाऱ्यापासून दूर असलेला माणूसही अडकला. फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतांतले ब्रुनो व डोमिनिक लेगेन्यू हे दोघे भाऊ दर्यावर्दी होते, आणि म्हणूनच त्यांनीं नेमकी ही दुसरी अडचण हातीं घेतली असावी. नोव्हेंबर १९८४ मध्यें त्यांनीं पेटंटसाठीं अर्ज केला. त्यांच्या पतंगाच्या पुढच्या कडेला हवेनें फुगविलेली एक जाड नळी होती, आणि तिला काटकोनांत जोडलेल्या बारीक नळ्यांनीं त्याला कमानीसारखा आकार दिला होता. असा पतंग पडला तरी बुडत नाहीं. होडीसारखा तो तरंगतो, वाऱ्याकडे तोंड करून राहतो, आणि दोरी खेंचली कीं पुन्हां आकाशांत चढतो. युक्ति इतकी साधी, पण ती विकत घेण्यास कोणी पुढें येईना. पालफळीचे, म्हणजे विंडसर्फिंगचे, कारखाने तेव्हां तेजींत होते. त्यांना पतंगाची गरज भासली नाहीं. भावांनीं दहा-बारा वर्षें स्वतःच्या हिमतीवर ही कल्पना जिवंत ठेवली, आणि १९९७ सालीं त्यांचे पतंग बाजारांत आले. ह्याच सुमारास अमेरिकेंत विमानशास्त्रज्ञ बिल रोझलर व त्याचा मुलगा कोरी ह्यांनीं पाण्यावरच्या स्कीला पतंग जोडून कोलंबिया नदीवर आपल्या परीनें हाच प्रश्न सोडविला होता; तथापि पुढें जगानें उचलला तो फ्रेंच भावांचा फुगता पतंग.

आणि तो उचलला गेला तो माउईवर. १९८० नंतर हें बेट पालफळीच्या खेळाची राजधानी बनलें होतें; वारा आणि लाटा ओळखणारे, नवी फळी स्वतः तासून घेणारे लोक तेथें गोळा झाले होते. १९९६ च्या सुमारास फ्रान्सचा मनु बर्तें आणि लाटांवरचा नामांकित वीर लेअर्ड हॅमिल्टन हे तेथें पतंगानें फळी ओढवून दाखवूं लागले. वयाच्या तेराव्या वर्षीं, १९७६ सालीं, पालफळीचें जगज्जेतेपद मिळविणारा रॉबी नॅश हाही त्यांत पडला. सप्टेंबर १९९८ मध्यें ह्या खेळाची पहिली स्पर्धा माउईवर झाली, आणि ती मार्कस ऊर्फ फ्लॅश ऑस्टिन ह्यानें जिंकली.

पहिली अडचणही ह्याच काळांत सुटली. फळीची एक कड पाण्यांत रुतवून धरली कीं फळी बाजूला घसरत नाहीं. पोकॉकच्या गाडीचें चाक पाण्यांत सांपडलें तें हें. पतंग एका बाजूला ओढतो, फळी दुसऱ्या बाजूला अडविते, आणि ह्या दोहोंच्या भांडणांतून खेळाडू वाऱ्याच्या थोडा विरुद्ध, तिरपा पुढें सरकतो. मग वळून पुन्हां तिरपा. अशा नागमोडी येरझाऱ्या घालीत तो जेथून निघाला तेथेंच परत येऊं शकतो. त्याचे कपडे दुसऱ्या मुलानें उचलून न्यावे लागत नाहींत.

इतक्यानें धोका टळला असें मात्र नाहीं. पहिल्या काळांतल्या कमानदार पतंगाची ओढ पुरती कमी करतां येत नसे. जोराचा झोत आला, किंवा खेळाडू किनाऱ्याजवळ गाफील राहिला, तर पतंग त्याला उचलून वाळूवर, झाडांवर, भिंतींवर आपटी. असे कित्येक जण प्राणांस मुकले. २००५ च्या सुमारास ब्रुनो लेगेन्यू ह्यानेंच अधिक चपटा, धनुष्याच्या आकाराचा पतंग काढला. त्यांत हातांतला दांडा पुढें ढकलला कीं ओढ जवळजवळ नाहींशी होते. एका झटक्यांत पतंग सोडून देण्याची कळही आतां प्रत्येक पट्ट्याला असते. जुन्या बाजारांतून स्वस्त मिळतो म्हणून पंधरा-वीस वर्षांपूर्वींचा पतंग बरोबर नेणें, ही काटकसर नव्हे.

आतां प्रवासाच्या बेताकडे वळतां येईल. किनाऱ्याची निवड करतांना प्रथम पाहावयाचें तें वाळू नव्हे, नारळीचीं झाडेंही नव्हेत. वाऱ्याचा आणि किनाऱ्याच्या रेषेचा कोन पाहावयाचा. कोंकणांतला नाखवा खारा वारा आणि मतलई वारा असा भेद करतो: पहिला समुद्रावरून जमिनीकडे येणारा, दुसरा जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. खारा वारा समोरूनच आला तर खेळाडूला किनाऱ्यावर लोटतो. मतलई वारा त्याला समुद्रांत नेतो. उत्तम तो किनाऱ्याला समांतर पण किंचित् जमिनीकडे झुकलेला वारा. कानाहाचा किनारा उत्तराभिमुख आहे, आणि वारा पूर्व-ईशान्येचा. म्हणजे कोन नेमका हाच. येथें पतंग फाटला तरी माणूस हळूहळू काहुलुई बंदराच्या बाजूला किनाऱ्याकडे सरकत जातो. ह्याच वाऱ्याला खिंडारांतून पार होऊन दक्षिणेकडे, मालाएआ उपसागरावर, बाहेर पडतांना पाहावें. तेथें तो अधिक जोरदार असतो, किनाऱ्यालगतचें पाणी सपाट व मोहक दिसतें, आणि दिशा समुद्राकडची असते. त्या वाटेवर काहोओलावे हें एक ओसाड बेट आहे. १९४१ पासून १९९० पर्यंत अमेरिकन लष्करानें त्याचा तोफांच्या व बाँबच्या सरावासाठीं उपयोग केला, आणि परवान्यावांचून तेथें पाऊल ठेवण्यास आजही मनाई आहे. त्याच्यापलीकडे मोकळा महासागर. एकाच बेटावर, एकाच वाऱ्यांत, दहा-बारा मैलांच्या अंतरानें इतका फरक पडतो.

महिना निवडतांना मे ते सप्टेंबर हा काळ निर्धोक समजतात; तेव्हां बहुतेक दिवस व्यापारी वारा असतो. हिवाळ्यांत त्याचे खंड वाढतात, मधूनच दक्षिणेचा 'कोना' वारा सुटतो, आणि उत्तर किनाऱ्यावर दूरच्या वादळांनीं उठविलेल्या मोठ्या लाटा येऊन फुटतात. त्या पाहाव्या, त्यांत नवख्यानें उतरूं नये. वारा सदा तसाच राहील असेंही गृहीत धरतां येत नाहीं. १९७३ ते २००९ ह्या काळांतील नोंदी तपासल्या असतां हवाई बेटांवर ईशान्येच्या वाऱ्याचे दिवस कमी होऊन पूर्वेच्या वाऱ्याचे वाढल्याचें हवामानशास्त्रज्ञांना आढळलें आहे. कोन थोडा बदलला तरी किनाऱ्याची गुणवत्ता बदलते, हें वरच्या विवेचनावरून लक्षांत येईल.

दिवसाच्या वेळेसंबंधीं तेथें एक चांगला दंडक आहे. सकाळीं अकराच्या आधीं पाण्यावर पतंग किंवा पालफळी काढावयाची नाहीं. ती वेळ जाळीं टाकणाऱ्या कोळ्यांची आणि पोहणाऱ्यांची. पालफळीवाल्यांचा भाग निराळा, पतंगवाल्यांचा त्याच्या पश्चिमेकडचा निराळा. आणि विमानतळाच्या धांवपट्टीसमोरचा भाग पतंगांना वर्ज्य. बाहेरून आलेल्याला हे नियम जाचक वाटतील. पण ज्यांच्या मासेमारीच्या जागेवर हा खेळ अवघ्या तीस वर्षांपूर्वीं येऊन बसला, त्यांच्या दृष्टीनें पाहिलें तर ते सौम्यच आहेत. शिवाय वाराही अकराच्या सुमारासच भरांत येतो. नियम पाळण्यांत तोटा कांहीं होत नाहीं.

बेटाची आणखी एक बाजू प्रवाशानें जाणून घेतली पाहिजे. ८ ऑगस्ट २०२३ रोजीं माउईच्या पश्चिम किनाऱ्यावरील लाहाइना हें गांव, एके काळची हवाई राज्याची राजधानी, आगींत जळून गेलें. सुमारें शंभर माणसें दगावलीं. त्या दिवशीं डोंगरावरून खालीं उतरणारा वारा विलक्षण जोराचा होता, आणि जुन्या मळ्यांच्या पडीक जमिनींवर माजलेलें परदेशी गवत वाळून कोळ झालें होतें. दोन महिन्यांनीं, ऑक्टोबरांत, पश्चिम माउई पाहुण्यांसाठीं पुन्हां उघडलें, तेव्हां बेघर झालेलीं हजारों माणसें हॉटेलांच्या खोल्यांतूनच राहात होतीं, आणि इतक्या लवकर पाहुणे नकोत असें अनेक रहिवाशांनीं सरकारला कळविलें होतें. दुसरी बाजूही होती. पाहुणे आले नाहींत तर पगार मिळणार नाहीं, असे लोकही त्याच गांवांतले होते. ह्या वादाचा निवाडा बाहेरच्यानें करूं नये. मात्र घरांच्या टंचाईनें गांजलेल्या बेटावर उतरण्याची जागा ठरवितांना ती कोणाच्या निवाऱ्यावर उठलेली आहे, याची चौकशी करण्यास खर्च कांहीं येत नाहीं.

राहिला प्रश्न मुदतीचा. आठवड्याच्या सुट्टींत सातही दिवस पाण्यावर घालविण्याचा हिशेब करणारे बहुधा निराश होतात. उत्तम मोसमांतही दोन-तीन दिवस कोरे सोडून ठेवावे. ह्या खेळाला २०२४ सालीं प्रथमच ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळालें, आणि त्याच्या शर्यती फ्रान्समध्यें मार्सेयच्या समुद्रावर ठेवल्या होत्या. पुरुषांच्या अंतिम शर्यती ८ ऑगस्टला ठरल्या होत्या. पण वारा पुरेसा नसल्यामुळें त्या पुढें ढकलाव्या लागल्या, आणि जगांतले निवडक पतंगवीर वाट पाहात बसले. दुसऱ्या दिवशीं वारा आला, आणि शर्यती पुऱ्या झाल्या.